तानूबाईंचे शेपटीचे शब्द

तानूबाई जाधवांनी मला इंग्रजी शिकवलं. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सांगताना माझी गडबड होईल, काही राहून जाईल, पण हे राहता कामा नये. तानूबाईंना वाचता येत नव्हतं. पगाराच्या कागदावर त्या अंगठा उठवायच्या आणि कारकुनानं घाई केली तर म्हणायच्या, "होल्ड ऑन, आपटेसाहेब. शाई लागू दे की नीट."

मी देवगडकडची. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. लग्नानंतर हे लालबागला गिरणीत आणि मी गावी, असं चार वर्षं चाललं. मग ह्यांची छाती बिघडली. गिरणीच्या डॉक्टरांनी 'गावी जा, मोकळी हवा खा' म्हणून सांगितलं आणि आमची अदलाबदल झाली. हे गावी, माझ्या आईच्या नजरेखाली, आणि मी लालबागला ह्यांच्या आत्याच्या खोलीत. ओळखीनं परळच्या एका हॉस्पिटलात आयाची नोकरी मिळाली. पण कच्ची. तीन महिने मेट्रन बघणार, मग ठेवायचं की घालवायचं ते ठरवणार. घालवलं असतं तर ह्यांची औषधं थांबली असती. मी रोज सकाळी परळच्या पुलाखालून जाताना ते तीन महिने बोटांवर मोजत जायची.

मेट्रन गोऱ्या होत्या. उंच, लाल कोपरांच्या. रागीट नव्हत्या, पण त्यांचं बोलणं म्हणजे ताटलीत वाटाणे सांडल्यासारखं. सगळे बारीक बारीक शब्द, एकामागून एक. सहावीत मी 'धिस इज अ काऊ' शिकले होते. इथे काऊ कुठेच नव्हती. अप, डाऊन, ऑफ, आऊट, ओव्हर हेच सारखं कानावर पडायचं. मी म्हणायची, "येस, मॅडम."

सगळ्याच म्हणायच्या. ती आमच्या वॉर्डाची रीतच होती. मेट्रननी काहीही सांगितलं की मान लववून येस म्हणायचं आणि त्या वळल्या की व्हरांड्यात जमून एकमेकींना विचारायचं, "काय म्हणाल्या गं?" मोठ्या माणसाला 'कळलं नाही' म्हणणं आमच्यात उद्धटपणा धरतात. मग चौघींचा मिळून काहीतरी अंदाज निघायचा आणि तसं काम व्हायचं. कधी बरोबर, कधी उलटं. उलटं झालं की मेट्रन कपाळावर हात मारून घ्यायच्या. आम्ही पुन्हा म्हणायचो, "येस, मॅडम."

तानूबाई मात्र येस म्हणायच्या नाहीत. पहिल्याच आठवड्यात मी बघितलं. मेट्रन भरभर काहीतरी बोलल्या. तानूबाईंनी हात कमरेवर ठेवला, मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "आय डिडन्ट कॅच दॅट, मॅडम. से इट ओव्हर." मी मनात म्हटलं, ही बाई आज घरी जाणार. मेट्रननी निमूट पुन्हा सांगितलं.

ठेंगणी, काळीसावळी बाई. पन्नाशी उलटलेली. हॉस्पिटलचं पांढरं लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचलेलं, दात मिश्रीनं काळे, टाचा आपटत चालायच्या, त्यामुळे वॉर्डात शिरायच्या आधी त्यांची चाहूल यायची. पेशंट म्हणायचे, "आली आमची पलटण." चाळिशीचा बाप्या असो की म्हातारा, सगळ्यांना लहान मुलासारखं दटावायच्या. आणि त्यांचं इंग्रजी? ते ऐकून नवीन डॉक्टर हसू दाबायचे. मला पुढे कळलं कशामुळे. तरुणपणी त्या एका साहेबाच्या बंगल्यावर मुलं सांभाळायला होत्या. नऊ वर्षं. साहेब-मडमेशी त्यांचा कधी संबंध आला नाही, बोलणं सगळं पोरांशी. म्हणून त्यांचं इंग्रजी सहा वर्षांच्या रुसलेल्या गोऱ्या पोरीचं होतं.

"पोरं पुस्तकातलं बोलत नाहीत," त्या म्हणायच्या. "पोरं जे बोलतात तेच घरात बोलतात. मेट्रनबी कधीतरी पोरच होती की."

आमच्या ऑफिसात आपटे म्हणून कारकून होते. ठाकूरद्वारचे, मॅट्रिक झालेले, टेबलावर जाड डिक्शनरी. अर्ज लिहावा तर आपट्यांनी. त्यांना तानूबाईंचं इंग्रजी खपायचं नाही. "हे इंग्रजी नव्हे, बाई. ही बाजारची भाषा. 'पुट आऊट' काय, 'एक्स्टिंग्विश' म्हणावं." तानूबाई म्हणायच्या, "तुमचा शब्द निघेपर्यंत खोली जळून जाईल, आपटेसाहेब."

पण एकदा हेच आपटे वॉर्डाच्या दाराशी घुटमळताना दिसले. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "तानूबाई, एक विचारू? 'पुट अप विथ' म्हणजे काय हो? सुपरिंटेंडंट साहेब फोनवर माझ्याबद्दल कोणाला तरी म्हणत होते. वी पुट अप विथ आपटे. डिक्शनरीत 'पुट' आहे, 'अप' आहे, 'विथ' आहे. तिन्ही मिळून काही जमत नाही."

तानूबाईंनी घडी करायला घेतलेली चादर शांतपणे पुरती केली. "म्हणजे सांभाळून घेतो," त्या म्हणाल्या. "आपट्यांना आम्ही सांभाळून घेतो. आपला माणूस म्हणून."

आपटे उजळून गेले. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या रजेच्या अर्जावर न कुरकुरता सही मिळवून दिली. ते गेल्यावर मी विचारलं, "खरंच तसा अर्थ आहे?"

"सोसतो, असा आहे," तानूबाई म्हणाल्या. "पण सोसणं काय आणि सांभाळून घेणं काय, एकाच घरातली माणसं. त्याला जे पेलवेल ते दिलं."

त्याच दिवशी मी धीर करून म्हटलं, "मावशी, मला शिकवाल?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "फी देणार?"

माझा चेहरा उतरला असणार. त्या हसल्या. "दर रविवारी एक नवा शब्द आणायचा. शेपटीचा. पुस्तकातला नाय चालणार, कुणाच्या तरी तोंडातून पडलेला पाहिजे. आणशील?"

शेपटीचे शब्द हे नाव त्यांचंच. त्यांचं म्हणणं असं की इंग्रजांचे शब्द थोडेच आहेत. गेट, पुट, टेक, कम, गो. अक्कल सगळी शेपटीत. "कुत्रं तेच असतं गं. शेपटी हलली तर खेळतंय, ताठ झाली तर चावतंय. तू तोंडाकडे बघत बसतेस. शेपटीकडे बघ."

त्यांची खोली चिंचपोकळीला, रेल्वेच्या बाजूच्या चाळीत. पहिल्या रविवारी मी गेले तेव्हा दारातच थांबले. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. दीक्षा घेतल्यापासून त्यांच्या सगळ्या चाळीतल्या देव्हाऱ्यांची जागा तिनं घेतली होती. आत्याला मी सांगून आले होते की मार्केटात जाते. आत्या शेजारच्या माळकऱ्यांकडेसुद्धा पाणी पिताना दहादा विचार करणारी. तिला हे कळलं असतं तर?

"उभी काय राहिलीस?" तानूबाई आतून म्हणाल्या. "तिथेच थांब. हाच पहिला धडा." मग हात आपल्याकडे ओढत, तोंडभर हसून म्हणाल्या, "कम इन."

मी उंबरा ओलांडला.

"गो आऊट."

मी बाहेर आले.

"कम इन. आता कम बॅक. आता गो अवे. रडू नको, खरंच जायला सांगत नाय." दहा-बारा वेळा मला आत-बाहेर नाचवलं. गॅलरीतली पोरं जमली, टाळ्या पिटू लागली. शेजारची बाई ओरडली, "तानूबाई, तालीम चाललीय काय पोरीची?"

त्यांची शिकवायची पद्धत ती अशी. घोकायचं नाही, हाताला शिकवायचं. कंदिलाची वात वर केली की टर्न अप, खाली केली की टर्न डाऊन, विझवला की पुट आऊट. पातेलं पिक अप, पुट डाऊन, पुट अवे. लुगड्याचा पदर घेतला तर पुट ऑन, पायातल्या चपला टेक ऑफ. शब्द चुकला तर वस्तू पुन्हा जागेवर ठेवून सगळं पहिल्यापासून. "तोंड विसरतं. हात नाय विसरत." आणि शेवटचा नियम, जो त्या दर रविवारी सांगायच्या: "कळलं नाय तर येस म्हणायचं नाय. आय डिडन्ट कॅच दॅट म्हणायचं. आणि कळलं असलं तरी काम हातानं करून दाखवायचं, म्हणजे सांगणाऱ्यालाबी कळतं तुला काय कळलं."

"मावशी, उद्धटपणा होतो हो तो."

"उद्धट कुणाला वाटतं? तुला. तिला नाय."

दिवस तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे. भिंतींवर चुन्यानं घोषणा, नाक्यानाक्यावर सभा. त्यांच्या शेजारचा दिनकर, समितीचा कार्यकर्ता, एकदा गॅलरीतून जाताना थांबला. "काय मावशी, आम्ही मराठी राज्यासाठी लाठ्या खातो आणि तुम्ही घरात गोऱ्यांची भाषा घोकवता?"

"राज्य मराठी होईल रे बाबा," तानूबाई म्हणाल्या, "मेट्रन होईल का? तू तुझं राज्य आण, तोवर मी हिची नोकरी टिकवते. आणि खांद्याची पट्टी बदलली नाहीस ती अजून? गेट ऑन विथ इट!" दिनकर हसत शर्टाचं बटण काढायला लागला. पट्टी त्यांनीच बदलली.

मी शिकत होते. पण एक गोष्ट लिहायला हवी, लाज वाटली तरी. पहिल्या रविवारी धडा संपल्यावर तानूबाईंनी चहा टाकला. मी म्हटलं, "मी चहा घेत नाही." वॉर्डात मी दिवसाला तीन कप पीत होते. त्यातला निदान एक तानूबाईंच्या समोर. त्यांनी एकच कप भरून घेतला आणि बशीत ओतून प्यायल्या. तिसऱ्या रविवारी कप पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गिव्ह अप केलास वाटतं चहा. चांगलं आहे. पित्त होत नाय." मी फी म्हणून आणलेला शब्द सांगायचा विसरले आणि घरी आले.

तीन महिने संपायला पाच दिवस राहिले असताना ते झालं.

त्या दिवशी शहरात हरताळ. बऱ्याच जणी येऊ शकल्या नव्हत्या. तानूबाईंची सुट्टी होती. वॉर्ड मात्र भरलेला. दुपारी सात नंबरच्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेल्या गिरणीकामगाराला आणून ठेवलं. मेट्रन धावपळीत त्याच्याजवळून निघाल्या आणि जाता जाता मला भरभर काहीतरी सांगून गेल्या. मला फक्त 'वॉटर' आणि 'डॉक्टर' एवढंच लागलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "येस, मॅडम."

सवय. तीन महिन्यांची नव्हे, जन्माची.

माणूस शुद्धीवर येत होता. ओठ सुकून पापडासारखे झालेले. "बाय, घोटभर पाणी दे," तो म्हणाला. मी व्हरांड्यात बरोबर काम करणाऱ्या शेवंताला विचारलं. ती म्हणाली, "पाणी म्हणाल्या ना? मग पाजायलाच सांगितलं असणार. बघ ना त्याचं तोंड." मी तांब्यातून पेला भरला. खाटेशी गेले. त्यानं मान उचलली. आणि माझा हात थांबला. हाताला आठवत नव्हतं. हातानं हे काम मेट्रनना करून दाखवलंच नव्हतं.

पेला हातात तसाच धरून मी मेट्रनच्या मागे गेले. त्या जिन्याजवळ एका डॉक्टरांशी बोलत होत्या. मध्ये बोलायचं म्हणजे आणखी एक गुन्हा. तरी मी म्हटलं, "मॅडम, आय सेड येस. आय डिडन्ट कॅच दॅट."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पेल्याकडे. त्यांचा चेहरा पांढरा होता, तो आणखी पांढरा झाला. "हॅव यू गिव्हन हिम एनी?"

"नो, मॅडम."

त्यांनी श्वास सोडला. मग एकेक शब्द वेगळा करून सांगितलं: होल्ड ऑफ ऑन द वॉटर, डॉक्टर त्याला बघून जाईपर्यंत. आणि त्यानं काही 'ब्रिंग अप' केलं, म्हणजे ओकला, तर मला बोलवायला ये. मी पेला खिडकीवर ठेवला, दोन्ही हात मागे नेले आणि मान हलवून 'पाणी नाही' असं करून दाखवलं. मग ओकल्याचं केलं, मग त्यांच्याकडे धावल्याचं. डॉक्टर हसले. मेट्रन हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हू टॉट यू टु कम बॅक अँड आस्क?"

मी म्हटलं, "तानूबाई."

मी परत येऊन त्या माणसाच्या ओठांवर ओला कापूस फिरवत बसले. मेट्रननीच मग ते करायला सांगितलं होतं. तो मला शिव्या देत होता. त्या शिव्या मला गोड लागत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मेट्रननी नियम केला. सांगितलेलं काम प्रत्येकीनं करून दाखवायचं, मगच हलायचं. शेवंतानं मला दोन दिवस बोल लावले, "तुझ्यामुळे सगळ्यांना नाटक करायला लागतं." तानूबाईंना सगळं कळलं होतं. शाबासकी नाही, काही नाही. एवढंच म्हणाल्या, "परत गेलीस ना? बास. बाकीच्या शेपट्या विसरलीस तरी चालेल."

नोकरी पक्की झाल्याचं पत्र निघालं त्या दिवशी मी तापानं घरी होते. संध्याकाळी दारावर टाचांचा आवाज आला. तानूबाई पत्र घेऊन स्वतः चालत लालबागला आल्या होत्या. "म्हटलं, हिला उद्यापर्यंत कशाला धाकात ठेवायची?"

आत्या दारात आडवी उभी राहिली. "कोण गो ही?"

"हॉस्पिटलातल्या," मी म्हटलं. "तानूबाई जाधव."

आडनाव ऐकून, गळ्यात काळी पोत नसलेली बघून, की आणखी कशानं, आत्याला जे कळायचं ते कळलं. ती बाजूला झाली नाही. तानूबाईंनी पत्र तिच्या खांद्यावरून माझ्या हातात दिलं. क्षणभर थांबल्या. चालून आल्या होत्या, कपाळावर घाम होता, पाणी विचारायला हवं होतं. मी खाटेवर बसले होते. त्यांनीच शिकवलेला पहिला शब्द मला दोन भाषांत येत होता. मी एकाही भाषेत म्हटला नाही. आत्याची खोली, आत्याचं छप्पर, मी आश्रित. ही सगळी कारणं खरी आहेत. त्यांनी बरं वाटत नाही.

"ताप उतरला की ये," तानूबाई म्हणाल्या आणि गेल्या. टाचांचा आवाज जिन्यावरून खाली जाताना मी शेवटपर्यंत ऐकला.

पुढच्या रविवारी मी चिंचपोकळीला गेले आणि उंबरा ओलांडता ओलांडताच म्हटलं, "मावशी, चहा टाका. मला पण." त्यांनी स्टोव्हला पंप मारला. दुसरा कप फळीवरून काढून धुतला. मला रडू येत होतं, ते त्यांना दिसत होतं. "साखर किती?" एवढंच विचारलं. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "आधी फी दे. ह्या आठवड्याचा शब्द कुठाय?"

त्यानंतर रविवारचा चहा चुकला नाही. आत्याला मी खोटं सांगणंही सोडलं. तिनं माझी कपबशी वेगळी केली. "तुका तां पटता तर पी, माका नको," म्हणाली. मी वेगळ्या कपातून प्यायले. तेवढंच मला जमलं. तानूबाईंना त्या खोलीत आणणं जमलं नाही.

गेल्या वर्षी नवं राज्य झालं. त्याच महिन्यात तानूबाई निवृत्त झाल्या. मुलगा भुसावळला रेल्वेत फिटर आहे, त्याच्याकडे जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलच्या फाटकावर अजून विजेच्या माळा होत्या. तानूबाई घरचं निळं लुगडं नेसून आल्या होत्या. मी त्यांना पांढऱ्याशिवाय कामावर कधी बघितलं नव्हतं, क्षणभर ओळखलंच नाही. आपट्यांनी त्यांच्यासाठी लांबलचक इंग्रजी मानपत्र लिहून वाचलं. एक शब्द कुणाला कळला नाही. तानूबाई मात्र शेवटपर्यंत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आपटेसाहेब, आम्ही तुम्हाला पुट अप विथ केलं बरं का." आपट्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मेट्रननी हात पुढे केला. तानूबाईंनी तो दोन्ही हातांत धरला आणि बंगल्यावरच्या पोरीला बजावावं तसं बजावलं, "लुक आफ्टर युवरसेल्फ. रॅप अप वेल." ऊबदार कपडे घाल म्हणून, मुंबईच्या त्या उकाड्यात. मेट्रन म्हणाल्या, "येस, तानूबाई."

मी फाटकापर्यंत गेले. ट्रंक दिनकरनं उचलली होती. मला खूप बोलायचं होतं, पण तोंडातून आलं ते, "मावशी, जाताना म्हणायचा शब्द तुम्ही मला शिकवलाच नाहीत."

"त्यांच्याकडे पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या. "आपल्याला नको ते." मग पदर खोचला. "येते गं."

रस्त्यावर बरंच लांबपर्यंत ते निळं लुगडं दिसत होतं. टाचा तशाच आपटत होत्या.

ह्यांची तब्येत आता सुधारली आहे. हॉस्पिटलच्या क्वार्टरसाठी यादीत माझं नाव लागलं आहे. एक खोली, पुढे वीतभर व्हरांडा, पण दार माझं असेल. ते मिळालं की पहिलं पत्र भुसावळला. मावशी, तुम्ही 'येते' म्हणाला आहात, तेव्हा यायचं. स्टेशनवर मी येईन. दाराशी आल्यावर मी आधी आत जाईन, तुम्ही क्षणभर बाहेर थांबायचं, आणि मग मी तुमच्यासारखाच हात आपल्याकडे ओढून, सगळ्या क्वार्टरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणेन. आधी मराठीत, मग इंग्रजीत.